‘बरं वाटतंय’ म्हणजे किती? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात समुपदेशनाची प्रगती मोजण्याच्या फॉर्मांवर एक टिपण आलं होतं. ‘काय सलतं ते क्लायंटनंच लिहावं आणि किती सलतं तेही त्यानंच सांगावं’ हे त्यातलं वाक्य काही वाचकांना पटलं, बऱ्याच थेरपिस्ट मंडळींना खटकलं. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. आम्ही पीएचक्यू-९ (नैराश्य मोजण्याचा ठरीव फॉर्म) भरून घेतो. बाई सांगते, “वसुलीवाला दारात आला की हातपाय गार पडतात,” आणि मी विचारते भूक कशी आहे, लक्ष लागतं का. तिचं दुखणं फॉर्ममध्ये बसतच नाही. पेशंटच्या शब्दांत मोजणारं काही आहे का? (सातारा जिल्हा)

आहे, आणि ते नवंही नाही. क्लायंटची स्वतःची वाक्यं घेऊन त्यांनाच मोजपट्टी करायची, ही कल्पना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ शपिरो यांनी १९६१मध्ये मांडली. आज तुमच्यासारख्या कामाला सगळ्यांत सुटसुटीत पडेल तो ‘सायक्लॉप्स’ हा फॉर्म. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मार्क अॅशवर्थ आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला. कागद एक, प्रश्न चार. सध्या सगळ्यांत जास्त त्रास कशाचा आहे? दुसरा त्रास कोणता? या त्रासामुळे कोणती एक गोष्ट करणं जड जातं? आणि गेल्या आठवड्यात एकूण मनाला कसं वाटलं? पहिल्या तिन्हींत क्लायंट आधी आपल्या शब्दांत लिहितो, मग गेल्या आठवड्यापुरता ० ते ५ आकडा देतो. चौथ्याला फक्त आकडा. बेरीज जास्तीत जास्त २०, आकडा जितका मोठा तितका त्रास मोठा.

तुमच्याच उदाहरणावरून एक फॉर्म भरून पाहू. पहिल्या चौकटीत : ‘वसुलीवाला दारात आला की हातपाय गार पडतात’, ५. दुसऱ्या चौकटीत : ‘पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही’, ४. तिसऱ्यात : ‘बाजारात एकटीनं जाणं’, ५, कारण बाजारात कर्जाच्या गटातल्या बाया भेटतात. एकूण मन : ४. बेरीज १८. समजा, सहा सेशननंतर हेच आकडे ३, १, २ आणि २ झाले. बेरीज ८. आणि समजा त्याच काळात पीएचक्यू-९ चा स्कोअर १४ वरून ११ वर आला. एक फॉर्म सांगतो बाईला बराच फरक पडला, दुसरा सांगतो फारसा नाही. पीएचक्यू-९ मध्ये साधारण ५ गुणांच्या आतला बदल फार मनावर घेत नाहीत.

दोन्ही खरे असू शकतात. पीएचक्यू-९ चे ९ प्रश्न नैराश्याच्या लक्षणांचे आहेत, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७, आणि काळ गेल्या दोन आठवड्यांचा. दिवसभर शेतावर राबणाऱ्या बाईचा थकवा समुपदेशनानं जात नाही, कर्जही फिटलेलं नाही. पण बाजाराला ती आता एकटी जाते, आणि ते फक्त तिच्या कागदावर दिसतं.

म्हणून पीएचक्यू-९ टाकून देऊ नका. एकाची दुसऱ्याशी तुलना करायची तर सगळ्यांना सारखेच प्रश्न हवेत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेनं नैराश्यावर समुपदेशनाची जी चाचणी केली (तिचे निष्कर्ष २०१७मध्ये आले) तिथेही नैराश्य ओसरलं की नाही हे पीएचक्यू-९ चा स्कोअर १० च्या खाली आला का यावरूनच ठरवलं होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. सायक्लॉप्समध्ये असा प्रश्नच नाही, आणि क्लायंट आपणहून ते चौकटीत लिहीलच असं नाही. नुसता सायक्लॉप्स वापरणार असाल तर हा प्रश्न तोंडी, सरळ शब्दांत, प्रत्येकाला विचारायचा.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो सायक्लॉप्सच्या शेवटच्या, म्हणजे थेरपी संपताना भरायच्या, फॉर्मवर. तिथे क्लायंटला नव्यानं ‘तुमचा त्रास काय’ असं विचारायचं नसतं. पहिल्या दिवशीची वाक्यं थेरपिस्टनं त्या फॉर्मवर जशीच्या तशी उतरवायची आणि क्लायंटनं फक्त आकडा द्यायचा. आणि ‘जशीच्या तशी’ म्हणजे अक्षरशः. ‘हातपाय गार पडतात’चं ‘अँझायटी’ केलंत की मोजलं जाणारं दुखणंच बदलतं.

प्रश्न : मी पंधरा वर्षं सायकोडायनॅमिक पद्धतीनं (मनाच्या तळाशी दडलेलं हळूहळू उलगडत) काम करते. समोरचा माणूस रडत असताना ‘शून्य ते पाचमध्ये सांगा’ म्हणणं मला जमत नाही. शिवाय क्लायंट कुठवर आलाय हे मला फॉर्मशिवाय कळतं. (पुणे)

पहिला मुद्दा बराचसा मान्य. रडत असलेल्या माणसापुढे फॉर्म सरकवू नये, ताज्या दुःखात तर पहिल्या भेटीत मुळीच नको. दुसऱ्या भेटीत सेशनच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं पुरतात. शेवटची पाच मिनिटं मात्र कधीच या कामाला ठेवू नका. माणूस चौकटीत काहीतरी मोठं लिहितो आणि तेवढ्यात घड्याळ संपतं.

सायकोडायनॅमिक थेरपिस्टांचा आणखी एक आक्षेप असतो, तो तुम्ही लिहिला नाहीत पण असणार : पहिल्या दिवशी सांगितलेला त्रास हा खरा त्रास नसतोच. ‘झोप येत नाही’ म्हणून आलेला माणूस आठव्या सेशनला वडिलांबद्दल बोलू लागतो. बरोबर. म्हणूनच थेरपी चालू असताना भरायच्या फॉर्ममध्ये मधल्या काळात वर आलेल्या नव्या त्रासाला जागा ठेवली आहे. तो आकडा मूळ बेरजेत मिसळू नका, बाजूला ठेवा. झोपेचा ४ चा १ झाला आणि वडिलांचा नव्यानं ५ आला, तर ते बिघडणं नव्हे, काम पुढे सरकल्याचं चिन्ह असू शकतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून क्लायंटशी बोललात तर तो तुमच्याच पद्धतीचा ऐवज आहे.

दुसरा मुद्दा मात्र मान्य करता येत नाही. अमेरिकेत २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपिस्टांना आपल्या ५५० क्लायंटपैकी कोणाची प्रकृती थेरपीअखेर बिघडलेली असेल ते आधी सांगायला सांगितलं होतं. त्यांनी ३ नावं दिली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली, आणि त्या ३ नावांपैकी एकच त्यांत होतं. हे नवखे होते म्हणून असं झालं, असं म्हणून सुटका नाही. सुधारणा आपल्याला दिसते, कारण आपण तिची वाट पाहत असतो. जो घसरतो तो बहुधा शांतपणे घसरतो; ‘ठीक आहे मॅडम’ म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. फॉर्मचा खरा उपयोग तिथे आहे.

फॉर्ममुळे क्लायंटशी नातं बिघडण्याची भीती बहुतेक थेरपिस्टांना तो वापरण्याआधी जास्त वाटते. बिघडवतो तो न पाहिलेला फॉर्म. भरून घेतला, फाइलला लावला, ‘हं, तर कसा गेला आठवडा?’ असं केलंत तर क्लायंटला लगेच कळतं की हा सोपस्कार आहे. त्यापेक्षा कागद दोघांच्या मध्ये ठेवा आणि एखाद्या आकड्यावर बोट ठेवून विचारा, “इथे चार लिहिलंत, गेल्या वेळी तीन होतं. काय झालं?” हे न करणार असाल तर फॉर्म देऊच नका.

एक सूचना शेवटच्या फॉर्मबद्दल. सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाक्य समोर आलं की काही जण हसतात, काहींना भरून येतं. तो फॉर्म शेवटच्या सेशनला ठेवू नका, त्याच्या आधीच्या सेशनला घ्या.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना लिहिता येत नाही. जे लिहितात ते ‘टेन्शन’ एवढंच लिहितात. दुसरी चौकट तर कोरीच. काय करावं? (नंदुरबार)

‘टेन्शन’ हे उत्तर नव्हे, दार आहे. “टेन्शन आलं की अंगात कुठे कळतं?” “कधी येतं, कोण समोर असताना?” एवढे दोनच प्रश्न पुरतात. उत्तर येतं : ‘डोक्यात भुंगा लागतो’, ‘जीव वरखाली होतो’, ‘पोटात गोळा येतो’. तेच लिहायचं. अहिराणीत, भिलीत सांगितलं तर त्याच बोलीत, देवनागरीत. पण शब्द तुम्ही सुचवू नका. ‘म्हणजे धडधडतं का?’ असं विचारलंत की माणूस सौजन्यानं हो म्हणतो, आणि मग तुम्ही स्वतःचाच शब्द मोजत बसता.

दुसऱ्याच्या वागण्याचा त्रास लिहिला जातो तेव्हा जरा थांबा. ‘नवरा पितो’ हा त्रास खराच, पण त्याचा आकडा नवऱ्याच्या हातात आहे. बाईनं कितीही काम केलं तरी तो ५ च राहील आणि कागद तिलाच नापास करील. “तो पिऊन आला की तुमचं काय होतं?” असं विचारलं तर ‘रात्रभर दाराकडे कान लावून पडते’ हे वाक्य मिळतं. ते मोजता येतं. (मारहाण असेल तर मात्र मोजमाप मागे, आधी तिची सुरक्षितता.)

आकड्यासाठी पाच शेंगदाणे किंवा पाच खडे घ्या. ‘अजिबात त्रास नाही तर एकही उचलू नका, याहून जास्त होऊच शकत नाही तर पाचही उचला.’ जुन्या पिढीतली माणसं आपणहून ‘बारा आणे’ म्हणतात. समजायला छान आहे, पण बारा आण्यांचे पाचपैकी किती हे तुम्ही मनात ठरवू नका, खडेच उचलायला सांगा. पहिल्या वेळी खडे वापरले तर शेवटीही खडेच. आणि शक्यतो सुनेच्या फॉर्मच्या वेळी सासू खोलीत नको, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चौकट कोरी राहिली तर राहू द्या. एकच त्रास असलेली माणसं असतात. ओढूनताणून दुसरा काढला तर तो क्षुल्लक निघतो आणि आकडे बिघडवतो. उरलेल्या तिन्हींची बेरीज करून तिला ४ नं गुणायचं आणि ३ नं भागायचं, म्हणजे ती पुन्हा २० पैकी होते. उदाहरणार्थ १२ चे १६.

प्रश्न : तिसऱ्या सेशनला माझ्या क्लायंटचा सायक्लॉप्सचा आकडा ११ वरून १५ झाला. मी कुठे चुकलो? (कोल्हापूर)

कदाचित कुठेच नाही. आधी त्या आठवड्यात काही घडलं का ते विचारा. आकडा फक्त गेल्या सात दिवसांचा असतो, परीक्षेचा निकाल किंवा घरातलं भांडण त्यात लगेच उतरतं. मग असंही होतं की पहिल्या दिवशी माणसानं लाजेनं कमी सांगितलेलं असतं, आणि विश्वास बसल्यावर खरं सांगतो. पण सलग दोन-तीन वेळा वाढतच गेला तर सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी थेरपिस्टपुढे केस मांडतो तिथे) घेऊन जा, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याचा विचार करा.

प्रश्न : ओआरएस फॉर्मच्या रेषा मोजल्यावर माझी बेरीज सहकाऱ्यांपेक्षा नेहमी कमी का येते? (ठाणे)

ओआरएस (आउटकम रेटिंग स्केल) या प्रगती मोजण्याच्या फॉर्ममध्ये चार रेषा असतात, प्रत्येकी १० सेंटिमीटर. क्लायंट खूण करतो, आपण पट्टीनं मोजतो, एकूण ४०. इथे दिशा उलटी आहे हे विसरू नका : जास्त म्हणजे बरं. मोठ्यांमध्ये २५ च्या खालचा आकडा त्रासाकडे बोट दाखवतो. तुमची रेषा मोजून पाहा. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की रेषा साडेनऊ सेंटिमीटरची होते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आणखी आखडते. चार रेषांवर दोनपर्यंत गुण तिथेच गेले. मूळ फाइलमधून शंभर टक्के आकारात प्रिंट काढा. वापराच्या परवान्याच्या अटीही वाचून घ्या.

प्रश्न : मी लंडनजवळ राहते. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीत दर वेळी तेच दोन फॉर्म भरते. माझा त्रास वेगळाच आहे : इथे आल्यापासून मी कोणाशी मोकळेपणानं बोलतच नाही. फॉर्म भरायला नकार दिला तर?

फॉर्म नाकारला म्हणून उपचार थांबवायला नकोत, पण त्याआधी त्यामागचं गणित समजून घ्या. ही सेवा २००८मध्ये ‘आयएपीटी’ नावानं सुरू झाली, आणि दर सेशनला मोजणं हा तिचा पायाच आहे. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त, अथवा जीएडी-७ या चिंता मोजण्याच्या फॉर्ममध्ये ८ किंवा जास्त, ही सुरुवातीची रेघ. शेवटी दोन्ही स्कोअर रेघेखाली आले तर ‘बरे झाले’ अशी नोंद होते, आणि उपचार पूर्ण केलेल्यांपैकी निदान ५० टक्के लोक त्या नोंदीत यावेत असं सेवेचं उद्दिष्ट आहे. दर वेळी भरून घेण्याचा एक फायदा असा की मध्येच येणं बंद केलेल्यांचाही शेवटचा आकडा हाती राहतो. नाहीतर शेवटपर्यंत टिकलेल्यांचेच आकडे उरतात, आणि ते बहुधा बरे झालेलेच असतात.

तुमचा त्रास मात्र त्या रेघेच्या खेळात दिसणार नाही. नकार देण्यापेक्षा थेरपिस्टला सांगा की मला याबरोबर माझं एक उद्दिष्ट मोजायचं आहे. ‘आठवड्यातून एकदा शेजारणीशी दहा मिनिटं बोलणं’, ० ते १०, आज किती. उद्दिष्टं मोजण्याची ही पद्धत तिकडे मुलांच्या सेवांमध्ये चांगली रुळलेली आहे, त्यामुळे तुमची मागणी कोणाला विचित्र वाटणार नाही. आणि ते मराठीतच लिहा. ‘घुसमट’ला इंग्रजीत जो शब्द सापडेल त्याचा आकडा वेगळा येईल.

प्रश्न : आमची संस्था सायक्लॉप्सचे फॉर्म वापरते. देणगीदारांना ‘सरासरी १५ वरून ७’ असं दाखवलं तर चालेल का? आणि समुपदेशकांचं मूल्यमापन यावरून करावं का? (नागपूर)

दाखवा, पण शेजारी दोन गोष्टी लिहा. एक, किती जणांनी पहिला फॉर्म भरला आणि त्यातल्या किती जणांनी शेवटचा. ८० पैकी ३० जणांचेच दोन्ही फॉर्म असतील तर ती सरासरी त्या ३० जणांची आहे, संस्थेच्या कामाची नव्हे. दोन, क्लायंट स्वतः त्रास निवडतो तेव्हा बदल नेहमीच्या फॉर्मपेक्षा मोठा दिसतो. त्याला लागू नसलेले प्रश्न यात नसतातच, हे एक कारण. दुसरं जरा अडचणीचं : माणूस त्या दिवशी जे सगळ्यांत टोचतंय तेच लिहितो आणि त्याला ५ देतो. टोकाला गेलेली गोष्ट उपचारांशिवायही थोडी खाली येतेच. १५ चे ७ झाले त्यात तुमचा वाटा किती आणि काळाचा किती, हे तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय कळत नाही.

दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत ‘संगत’च्या ‘प्राइड’ प्रकल्पानं असा गट ठेवून पाहिलं. अडचणी सोडवण्याची पुस्तिका एका गटाला नुसती दिली, दुसऱ्याला समुपदेशकाच्या मदतीसह. विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी स्वतः निवडून ० ते १० मोजल्या, आणि एसडीक्यू हा मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणींचा ठरीव फॉर्मही भरला. सहा आठवड्यांनी मुलांच्या स्वतःच्या अडचणींच्या आकड्यात समुपदेशकाचा गट पुढे होता. एसडीक्यूवर दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. हे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. अहवाल लिहिताना हा निकाल डोळ्यांपुढे ठेवा : दोन्ही फॉर्म वापरले असतील तर दोन्ही छापायचे, जो सोयीचा तोच नव्हे.

मूल्यमापनाला सरळ नाही म्हणा. पगारवाढ आकड्याला बांधली की आकडे सुधारतात, माणसं नाही. पहिल्या दिवशी ‘अजून जास्त असेल ना, पाच लिहू या?’ असं विचारलं जातं आणि अवघड केसेस दुसऱ्याच्या गळ्यात घातल्या जातात. तसंही आपल्याकडे ‘मॅडमनी इतकं केलं, त्यांना वाईट वाटेल’ म्हणून शेवटचा आकडा कमी लिहिण्याची रीत आहेच. म्हणून फॉर्म समुपदेशकासमोर न भरता बाहेर बाकावर भरू द्या, आणि आकडा वाढला तरी चालतो हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणि देणगीदारांना आकडे द्या, वाक्यं देऊ नका. नाव खोडलं तरी ‘चुलत्यानं विहिरीवरून कोर्टात ओढलं, तेव्हापासून झोप नाही’ या एका ओळीवरून अख्ख्या गावाला माणूस कळतो. वाक्य छापायचंच असेल तर त्या माणसाला ते वाचून दाखवून वेगळी परवानगी घ्या, आणि तो नको म्हणाला तर तिथेच थांबा.